इंद्रायणीकाठचा हिवाळी मुक्काम

नाताळची सुट्टी जवळ आली म्हणजे घरोघर एकच विचार सुरू होतो: यंदा मुलांना घेऊन जावयाचे कोठे? दूरच्या प्रवासास खर्च फार, आप्तांकडे जावे तर त्यांची ओढाताण, आणि प्रसिद्ध स्थळी जावे तर शहरातलीच गर्दी तेथे पुन्हा भेटावयाची. अशा वेळी आम्ही आमच्या वाचकांस एक सूचना करू इच्छितो. पुण्याहून लोकल गाडीने दीड तासाच्या आत गाठता येणाऱ्या मावळात, लोणावळ्याच्या बाजारपेठेत नव्हे तर इंद्रायणीच्या काठी कामशेतसारख्या लहानशा गावी, चार दिवस मुक्काम करून पाहावा. आणि तो पावसाळ्यात न करता मार्गशीर्ष-पौषात करावा.

मावळ आणि पावसाळा ही जोडी लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, हिवाळ्यात तेथे पाहावयास काय आहे, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, डोंगर हिरवेगार होतात, कड्याकड्यांवरून पाणी कोसळते. ते दृश्य रमणीय असते यात संशय नाही. परंतु त्या दिवसांत नदीचा केवळ लोंढा दृष्टीस पडतो आणि गावे वाहनांच्या रांगांआड झाकली जातात. शिवाय त्या गर्दीची किंमत किती भारी पडते हे अलीकडेच दोनदा दिसून आले. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळून चार जणांचा अंत झाला. दोन्ही दिवस रविवारचे होते. विरंगुळ्यासाठी निघालेली माणसे घरी परतली नाहीत, ही गोष्ट मुलाबाळांच्या प्रत्येक घराने मनावर घ्यावयास हवी.

तोच कुंडमळा पौषात पाहावा. पाणी उतरलेले असते आणि नदीने काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे उघडे पडतात. प्रवाहात सापडलेले गोटे भोवऱ्याबरोबर वर्षानुवर्षे एकाच जागी गरगरत राहिले म्हणजे खडकात असे रांजण घडतात, हे मुलांस काठावर सुरक्षित उभे करून दाखविता येते. मात्र हे खळगे फसवे असतात. हिवाळ्यातही मुलांस पात्रात उतरू देऊ नये.

इंद्रायणीचा उगम लोणावळ्यानजीक कुरवंडे गावाजवळच्या डोंगरात होतो. तेथून ती पूर्वेस वळून कामशेतवरून पुढे देहू व आळंदी या क्षेत्रांस स्पर्श करीत तुळापूर येथे भीमेस मिळते. तथापि तिच्या उगमाकडील पाणी सर्वस्वी तिचे राहिलेले नाही. टाटांच्या जलविद्युत योजनेचे खोपोली येथील वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि वळवणचे धरण १९१६ साली पुरे झाले. वळवणसारख्या तलावांत साठविलेले पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस सोडले जाते व त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण होते. जे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने पूर्वसमुद्रास गेले असते, ते असे पश्चिमसमुद्रास जाऊन मिळते. भूगोलाच्या पुस्तकातील दोन समुद्रांमधला पाणलोट मुलांस येथे प्रत्यक्ष दाखविता येतो.

आता मुक्कामाविषयी. आयर्लंडसारख्या देशात डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तेथे नदीकाठच्या गावी सुट्टीस गेलेल्या पाहुण्याचा पुष्कळसा वेळ शेकोटीपाशी जातो. आपल्या हिवाळ्याचे तसे नाही. पहाटे पात्रावर धुके असते, आठाच्या सुमारास ते विरळ होऊन आधी झाडांचे शेंडे व मग विसापूरचा कडा दिसू लागतो; त्यानंतर दिवसभर उन्हात हिंडावयास मोकळीक. भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झालेली असतात, काही ठिकाणी त्यांत हरभरा उगवून आलेला असतो. हे दिवस धुंधुरमासाचे. सूर्योदयापूर्वी नैवेद्य दाखवून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी व वांग्याचे भरीत खाण्याचा आपला परिपाठ शहरात जवळजवळ लोपला आहे. उघड्यावरच्या थंडीत त्या जेवणाचे मर्म आपोआप कळते. खिचडीस तांदूळ तेथलाच घ्यावा. ज्यास आपण इंद्रायणी म्हणतो ते वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहरावरून तयार होऊन १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. त्याचा वास व मऊपणा आंबेमोहराची आठवण करून देतो.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वृद्ध शेतकऱ्यास गर्दीविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पावसाळ्यात लई लोक येत्यात, दादा, पन ते पान्याकडं येत्यात. आमच्याकडं कोन येतंय?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण ते ऐकल्यापासून आम्हांस मावळाचा सारा इतिहासच निराळा दिसू लागला. हा प्रदेश दोन हजार वर्षे इतरांची वाट होऊन राहिला आहे.

कोकणच्या बंदरांतून बोरघाटाने देशावर येणारा व्यापार याच खोऱ्यातून जाई, आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांस भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. मळवली स्टेशनवर उतरले म्हणजे उत्तरेस कार्ले व दक्षिणेस भाजे. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याचे खांब किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी घरे बांधणाऱ्या हातांनी प्रथम दगडास हात घातला, त्याची ही खूण होय. कार्ल्यास येईपर्यंत खांब सरळ झाले, आणि शंभर फुटांहून अधिक लांबीचे चैत्यगृह उभे राहिले. तेथील छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटाचे यवन अशा दूरदूरच्या दात्यांची नावे तेथील लेखांत वाचावयास मिळतात. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. तेथे मात्र भाविकांची वर्दळ हिवाळ्यातही असते.

भाज्यावरून लोहगडाची वाट जाते. शिवाजीमहाराजांनी हा गड पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांस दिला व १६७० साली परत घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा मराठा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. विंचूकाट्यावरून पवनेचे खोरे न्याहाळावयाचे तर आकाश स्वच्छ हवे, आणि ते हिवाळ्यातच लाभते.

याच दिवसांत, जानेवारी १७७९ मध्ये, राघोबादादांस पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज या खोऱ्यातून चालली होती. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, ज्यास मराठे ‘इष्टुर फाकडा’ म्हणत, तोफेच्या गोळ्याने पडला. ९ तारखेस फौज तळेगावास पोहोचली तो गाव ओस व जाळलेले. दाणा नाही, वैरण नाही. ११ च्या रात्री तिने अवजड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली, परंतु वडगावास मराठ्यांनी तिला वेढले आणि १६ जानेवारीस तह झाला. या विजयाचे श्रेय महादजी शिंद्यांस दिले जाते व ते योग्यच आहे; पण त्या थंडीत आपली घरे सोडून ज्यांनी रान गाठले, त्या मावळच्या कुटुंबांचाही त्यात वाटा होता.

पुढे १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली. त्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच मरण पावला, तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, तो ठेका पुढे चालविला, हे आमच्या वाचकभगिनींस कळल्यास आनंद होईल. मात्र घाट फोडताना रोगराईस व अपघातांस बळी पडलेल्या हजारो मजुरांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. त्यानंतर द्रुतगती मार्ग आला आणि मावळ ओलांडावयास तासभरही लागेनासा झाला.

वाटेवरच्या प्रदेशाची काळजी वाटसरू करीत नाही, हा अनुभव जुनाच आहे. इंद्रायणीच्या वाट्यास तोच येत आहे. अलीकडील काही वर्षांत आळंदीस तिच्या पात्रावर वारंवार पांढरा फेस तरंगताना दिसतो. तो मैलापाण्याचा व कारखान्यांच्या सांडपाण्याचा. म्हणजे ज्या शहरांतून आपण सुट्टीस येतो त्या शहरांचाच. कामशेतच्या काठावर पहाटेचे धुके पाहिलेल्या मुलास आळंदीचा तो फेस नुसती बातमी वाटणार नाही. कोणाच्या घरचे पाणी कोठे जाते, हे तो आपण होऊन विचारील. त्याला उत्तर देण्याची तयारी वडील मंडळींनी ठेवावी.

म्हणून जाणाऱ्यांस एवढेच सांगणे. उबदार पांघरुणे बरोबर घ्यावीत, प्लॅस्टिकच्या पिशव्या व पत्रावळी नेऊ नयेत, आणि नेल्याच तर परत आणाव्यात. खाचरातून जाताना बांध तुडवू नये. तांदूळ शेतकऱ्याच्या दारात जाऊन, भावाची घासाघीस न करता घ्यावा. आणि निघण्यापूर्वी ज्यांच्या घरी राहिलात त्यांची नावगावे मुलांकडून वहीत लिहवून घ्यावीत. संक्रांतीस तिळगुळाबरोबर एक पत्र त्यांस धाडता येईल.