घोडीवरची कानस

मलकापुरात पावसाळा लागला की आमच्या घरच्या तंबोऱ्याचा आवाज बसतो. आंबा घाटाकडून येणारी ओल भिंतीत मुरते, तशी लाकडातही मुरते. पाऊस सरला की तंबोरा गवसणीत घालायचा आणि दुरुस्तीसाठी कोल्हापूरमार्गे मिरज गाठायची, हा वडिलांचा नेम मीही मोडलेला नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या वाद्य-कारागिरांचं मूळ आडनाव शिकलगार. पूर्वज हत्यारांना धार लावणारे, पातं घासूनपुसून लखलखीत करणारे. एकोणिसाव्या शतकात राजवटी बदलल्या, तलवारीची मागणी आटली. त्या काळात त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्यांना लाभला. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने जुन्या धंद्याची परतीची वाटही अरुंद केली. कानस मात्र हातातून सुटली नाही, आणि मला या परंपरेतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची. भोपळा वाळवणं, गळा जोडणं, तबली बसवणं, लाखेचं पॉलिश, हे सगळं नीट झालं तरी वाद्य मुकंच असतं. त्याला बोलतं करते ती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर घासटत थरथरते आणि एका सुरातून अनेक सूर उमटतात. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून ती जागा नेमकी धरायची. वापराने माथ्यावर तारेच्या खाचा पडतात, मग तो पुन्हा घासावा लागतो. कानशीचे दोन हात जास्त पडले की आवाज कोरडा होतो.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातले कारागीर लांब नळीच्या रायफली घडवत. नळीच्या आत पीळदार खाचा पाडताना ते पात्याखाली कागदाची पट्टी सारत, म्हणजे पुढच्या फेरीला पातं तेवढंच वर येई. हे वाचलं तेव्हा मला मिरजेची घोडी आणि तारेखालचा दोराच आठवला.

आमचा तंबोरा ज्यांच्याकडे जातो त्या चाचांची नजर आता मंदावली आहे. खुंटीच्या भोकात तार त्यांचा मुलगा ओवून देतो. दांडीवरचं नक्षीकाम त्यांनी सोडलं; तिथे डोळ्याला पर्याय नाही, आणि ते सोडताना त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळतं. जवारी मात्र अजून तेच काढतात. पूर्वी घोडी उजेडाला धरून एक डोळा मिटून बघत. आता अंगठ्याचं नख माथ्यावरून सावकाश फिरवतात, तार छेडतात, मान कलती करून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबतात. मग कानशीचा एक हात. पुन्हा तार. षड्जाच्या जोडीला असं करता करता दुपार टळते.

याच मिरजेत गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि 1937 साली ते गेल्यावर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना विसावा मिळाला. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात वाकबगार होते. गाणारा आणि घडवणारा इतके जवळ राहिले, म्हणून मिरजेचा कान तयार झाला असं मी मानतो. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. प्रवासात त्याचा आधार फार होतो, पण त्याच्या सुरात मला हे लाकूड ऐकू येत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा फार आनंद झाला. चाचांचा मुलगा ही विद्या पुढे नेतोय, याचा त्याहून जास्त.

गेल्या खेपेला चाचांनी घोडी बसवली, दोरा सरकवला आणि तंबोरा माझ्या हाती न देता आधी मुलाच्या मांडीवर ठेवला. त्याने खर्ज छेडला. चाचांनी डोळे मिटले, बोटानेच खूण केली: दोरा अजून जरासा मागे.