उष्णता टिपणारा कॅमेरा आणि स्तनाची गाठ

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, कपाळासमोर धरून ताप मोजणारे यंत्र आपण सर्वांनी पाहिले. थर्मल कॅमेरा हा त्याचाच मोठा भाऊ. ‘याने स्तनाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी का?’ असे कळंबच्या माझ्या दवाखान्यात भगिनी विचारतात, म्हणून आज हा विषय.

प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते. विल्यम हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये १८०० साली त्यांचा शोध लावला. सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांनी तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला, तर तिथेही पारा चढला! थर्मल कॅमेरा हेच किरण टिपतो. साध्या काचेतून ते जात नाहीत, म्हणून त्याचे भिंग जर्मेनियमसारख्या पदार्थाचे असते. आतील हजारो सूक्ष्म ठिपके किरणांमुळे कमीजास्त तापतात आणि यंत्र त्या फरकाला रंग देते. कॅमेरा स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, त्यामुळे अपाय नाही.

कर्करोगाच्या गाठीला रक्तपुरवठा जास्त लागतो, त्यामुळे वरची त्वचा कधीकधी गरम होते. परंतु कॅमेऱ्याला दिसते ती फक्त त्वचेची उष्णता. खोलवरची गाठ त्यातून निसटू शकते. उलट गळू झाले, स्तनाला सूज आली किंवा नुकतेच उन्हातून आलात, तरी चित्र लालभडक येते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही तपासणी मॅमोग्राफीऐवजी वापरू नये, असा इशारा दिला आहे.

मग खेड्यातील बाईने काय करावे? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील दीड लाखाहून अधिक महिलांचा अभ्यास केला. त्यातील निम्म्या महिलांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या पन्नाशीपुढील महिलांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले.

भगिनींनो, गाठ लागली, बोंडातून रक्त आले, कातडी आत ओढली गेली, तर लाजू नका. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका; कर्करोगाची गाठ बहुधा सुरुवातीला दुखत नाही. रंगीत चित्र निर्दोष आले तरी हाताला लागणाऱ्या गाठीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी करून घ्यावीच. वेळीच सापडलेला हा रोग बरा होऊ शकतो.