सापळ्यातल्या किड्यांची ओळखपरेड

नवी कीड आल्याचे शेतकऱ्याला कळते तेव्हा ती येऊन बहुधा बराच काळ लोटलेला असतो. अमेरिकेत ॲशची झाडे पोखरणारा आशियाई हिरवा भुंगेरा डेट्रॉइटजवळ २००२ साली ओळखला गेला; तो नव्वदच्या दशकापासूनच तिथे मुरला होता. पुढे कोट्यवधी झाडे वाळली. कीड येणे आणि तिचे नाव कळणे यांतला हा काळ कमी व्हावा म्हणून बंदरांजवळ, विमानतळांवर, शेतांत सापळे लावतात.

सापळा लावणे सोपे आहे. कामगंध सापळ्यात ल्यूर, म्हणजे गंधाचे आमिष, ठेवली की हव्या त्या जातीचे नर येतात, पण नात्यातले पतंगही येतात. चिकट सापळ्यावर किंवा हवा ओढून घेणाऱ्या सापळ्यात तर मावा, तुडतुडे, फुलकिडे, माश्या, मित्रकीटक असा सगळा खच पडतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. पंखांच्या शिरा, मिशांची पेरे, कधी जननेंद्रियांची ठेवण पाहून जात ठरवायची. अळी किंवा अंडे हाती आले तर नुसत्या नजरेने जात ठरवणे अनेकदा अशक्यच. ही नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होते आणि ती असलेली माणसे फार थोडी आहेत. हंगामात नमुन्यांच्या बाटल्या साचतात, आणि निकाल येईपर्यंत कीड पुढच्या तालुक्यात गेलेली असते.

या अडचणीवरचा एक उपाय मेलबर्नमध्ये आकाराला आला. तिथल्या बंडूरा उपनगरात, ला ट्रोब विद्यापीठाच्या आवारात ‘ॲग्रीबायो’ हे केंद्र आहे. व्हिक्टोरिया राज्याचे कृषी संशोधक तिथे काम करतात. ऑस्ट्रेलियाला उशिराची किंमत चांगली माहीत आहे. २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गव्हावर रशियन गहू मावा सापडला आणि काही आठवड्यांतच त्याचे निर्मूलन शक्य नाही हे मान्य करावे लागले. २०१७ मध्ये पर्थ भागात टोमॅटो-बटाट्यावरचा सायला हा रस शोषणारा किडा सापडला. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना सायला म्हणजे काय हे सांगायला नको. हा त्याचाच दूरचा भाऊबंद, आणि तोही जिवाणूजन्य रोग पसरवतो. त्याच्याही निर्मूलनाचा नाद सोडावा लागला. दोन्ही किडे इतके बारीक, की हजार किड्यांच्या ढिगात एखादाच असला तर थकलेल्या डोळ्यांना तो दिसायचाच नाही.

ॲग्रीबायोचा उपाय डीएनएवर आधारलेला आहे. डीएनएवरून जात ओळखण्याची कल्पना कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ साली ठामपणे मांडली. प्राण्यांच्या पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये ‘सीओआय’ नावाचे जनुक असते. त्याचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा बहुतेक जातींत वेगळा असतो. सुरुवातीला एका वेळी एका किड्याचा तुकडा वाचत. आता अख्ख्या सापळ्यातला माल एकत्र वाचता येतो. या पद्धतीला मेटाबारकोडिंग म्हणतात.

ॲग्रीबायोच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यात किडे कुटत नाहीत. एरवी सगळा ढीग दळून त्यातून डीएनए काढण्याची रीत आहे. इथे किडे विकर असलेल्या द्रावणात उबदार ठेवतात. त्यांच्या अंगातला थोडा डीएनए द्रावणात उतरतो. किडे गाळून पुन्हा अल्कोहोलमध्ये जपून ठेवतात. मग द्रावणातल्या डीएनएमधून सीओआयचा एक छोटा भाग पीसीआरने वाढवायचा, आणि प्रत्येक सापळ्याच्या नमुन्याला डीएनएचीच एक छोटी खूणचिठ्ठी जोडायची. अशा कित्येक सापळ्यांचे नमुने एकत्र करून सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या यंत्रात, घालतात. इल्युमिनाचे मायसेक हे टेबलावर मावणारे यंत्र दोन-तीन दिवसांत दोन कोटींहून जास्त तुकडे वाचते. खूणचिठ्ठीवरून तुकडे आपापल्या सापळ्याच्या नावावर जातात. मग संगणक ते ज्ञात जातींच्या संग्रहाशी ताडून पाहतो आणि यादी देतो.

किडे जपून ठेवण्याचे महत्त्व यादीत एखादे भलतेच नाव आले की कळते. एखाद्या देशात नवी कीड सापडल्याचे जाहीर झाले की आयात करणारे देश लगेच माल अडवतात. नाव खोटे निघाले, तर शेतकऱ्याचे नुकसान कोण भरून देणार? आणि खोटे नाव येण्याच्या वाटा अनेक आहेत. वाचताना थोड्या तुकड्यांच्या खूणचिठ्ठ्या बदलतात आणि एका सापळ्यातला किडा दुसऱ्याच्या नावावर लागतो. ते टाळण्यासाठी प्रत्येक नमुन्यातल्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र खूण जोडतात. सापळ्यातल्या कोळ्याच्या पोटातली शिकारही यादीत उतरू शकते. प्रयोगशाळेतला कणभर डीएनए उडून पडला तरी घोटाळा होतो, म्हणून सोबत मुद्दाम कोरा नमुना चालवतात. एवढे करूनही जे नाव येते ते संशयितच मानायचे. मग तज्ज्ञाने बाटलीत परत जाऊन तो किडा शोधायचा आणि डोळ्यांनी पाहून शिक्का मारायचा. कुठल्या बाटलीत काय शोधायचे हे मात्र आता त्याला ठाऊक असते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. तुकडे जास्त आले म्हणजे किडे जास्त, असे नाही. मोठ्या भुंगेऱ्याचा डीएनए शंभर माव्यांना झाकून टाकू शकतो. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड फळमाशीला तिच्या एका जवळच्या बहिणीपासून सीओआय वेगळे काढू शकत नाही. सर्वांत मोठी उणीव संग्रहाची. ज्या जातीचा तुकडा तज्ज्ञाने नाव देऊन आधी नोंदवलेला नाही, तिला यंत्र नाव देऊ शकत नाही. म्हणून टाचणीला टोचलेल्या किड्यांची जुनी कपाटे आणि त्यांवर आयुष्य घालवणारे वर्गीकरणतज्ज्ञ यांची गरज वाढली आहे.

आपल्याला हे सगळे दूरचे नाही. मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात मक्याच्या पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी सापडली, तेव्हा तिची ओळख सीओआयच्या तुकड्यावरूनही पक्की केली गेली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. पपईवरचा पिठ्या ढेकूण नेमका कोणता हे कळले, म्हणूनच २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याचा नेमका शत्रू असलेली परोपजीवी गांधीलमाशी आणता आली आणि बागा वाचल्या. फळमाशीमुळे मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने हापूससकट भारतीय आंबा बंद केला. तो हंगाम कोकणातले बागायतदार विसरलेले नाहीत.

यंत्रे विकत आणता येतील, पण आपल्या किड्यांचा संग्रह आपल्यालाच करावा लागेल. कृषी विद्यापीठांनी तो वर्गीकरणतज्ज्ञांना हाताशी धरून आजच हाती घ्यावा. आणि तुमच्या पिकावर कधी न पाहिलेला किडा दिसला तर तो चिरडून फेकू नका. झाकणाच्या बाटलीत अल्कोहोलमध्ये बुडवा, सोबत गाव, पीक आणि तारीख पेन्सिलीने लिहून घाला आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोहोचवा. फॉर्मालिन मात्र वापरू नका. त्यात डीएनए खराब होतो.