च्वानचौ: एका दिवसात जुनं बंदर

चीनच्या फूच्येन प्रांतातलं च्वानचौ म्हणजे मार्को पोलोच्या वर्णनातलं 'झैतून'. 2021 पासून जागतिक वारसास्थळ. एकच दिवस असेल तर सकाळ खाय-युआन मंदिराला द्या. 686 सालचं हे बौद्ध मंदिर, दोन्ही बाजूंना उंच दगडी पॅगोडे. पण पाय खिळतात ते मुख्य सभागृहाच्या मागच्या बाजूला. तिथल्या दोन खांबांवर नरसिंह आहे, आणि उखळ ओढत दोन झाडांमधून रांगणारा बाळकृष्णही! युआन राजवटीच्या काळात या शहरात तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांचं मंदिर पडलं, खांब इथे लागले. घरापासून इतक्या दूर ओळखीची गोष्ट दगडात दिसली की अंगावर काटा येतोच.

जवळच 1009 ची छिंगचिंग मशीद. तीही चुकवू नका.

न्याहारीला म्येनश्येन-हू घ्याच: केसासारख्या बारीक शेवयांची दाटसर, गरम पेज, वर पांढरी मिरपूड. त्यात कालवं घालून मागा आणि तळलेली पिठाची कांडी बुडवून खा. कोकणातल्या माणसाला कालवांचं ऑम्लेटही आवडेल.

संध्याकाळी श्युनफू गाव. कालवांच्या शिंपल्यांनी रचलेल्या भिंती आणि अंबाड्याभोवती फुलांची वलयं माळलेल्या बायका.