स्वीडनमधलं भाड्याचं घर : दलाल नाही, रांग आहे

दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड भागातलं एल्महुल्ट हे जंगलांच्या मधोमध वसलेलं छोटं गाव. १९५८ साली आयकियाचं पहिलं दुकान इथं उघडलं आणि कंपनीचा मोठा कारभार आजही इथूनच चालतो. साहजिकच भारतीय अभियंतेही इथं बिऱ्हाड करू लागले. पुण्या-मुंबईच्या सवयीने घर शोधणारा आधी दलाल गाठायला बघतो. इथं मात्र रांगेत नाव घालावं लागतं.

स्वीडनमध्ये २९० नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींची स्वतःची गृहकंपनी असते. छोट्या गावात तीच सर्वांत मोठी घरमालक. घर रिकामं झालं की सहसा ज्याने आधी नाव नोंदवलं त्याला ते मिळतं. उत्पन्न तेवढं तपासलं जातं. स्टॉकहोममध्ये या रांगेत आठ-दहा वर्षं काढणारे पुष्कळ. ओसरत्या वस्तीच्या गावांत मात्र घरं चटकन मिळतात. पण गावात एखादी कंपनी वाढली, की तिथलीही रांग लांबते.

भाडं मालकाच्या मर्जीवर ठरत नाही. गृहकंपनी आणि भाडेकरू संघटना दरवर्षी वाटाघाटीला बसतात. घराचा आकार, दर्जा, सोयी बघून आकडा ठरतो. कोण किती मोजायला तयार आहे, याला महत्त्व नाही. हीटर आणि पाण्याचा खर्च बहुधा भाड्यातच असतो, विजेचं बिल वेगळं. शेगडी आणि फ्रिज घरासोबत मिळतात. छताचे दिवे मात्र अनेकदा आपले आपणच आणायचे.

कपडे धुवायला इमारतीत सामायिक खोली असते. तिथं आधी वेळ राखून ठेवायची, ठरलेल्या वेळेत काम आटपायचं आणि ड्रायरच्या जाळीतला कापसासारखा लगदा काढून, फरशी पुसूनच बाहेर पडायचं. पुढच्याला घाण दिसली, तर दारावर चिठ्ठी लागलीच म्हणून समजा. घर सोडतानाही हीच शिस्त: शेगडी पुढे ओढून तिच्यामागची भिंतसुद्धा घासायची, कारण तपासणीला येणारा नेमका तिथंच डोकावतो.

या शिस्तीच्या बदल्यात मिळतं ते स्थैर्य. अकरा महिन्यांनी करार नव्याने करण्याची धास्ती नाही. भाडेकरू तीन महिन्यांची नोटीस देऊन जाऊ शकतो. मालकाला मात्र त्याला काढायचं तर कायद्यात बसणारं कारण लागतं. पागडी घेणं गुन्हा आहेच, २०१९ पासून देणंही गुन्हा ठरलं.

मात्र ज्याला घर मिळालं, त्यालाच हे संरक्षण. नवखा माणूस रांगेच्या शेपटाला उभा राहतो आणि तोवर पोटभाड्याने दिवस काढतो. तिथं भाडं चढं आणि मुक्काम तात्पुरता. शिवाय मूळ मालकाची परवानगी नसेल, तर अचानक बाहेर पडायची वेळ येऊ शकते. म्हणून नोकरी पक्की झाली की विमानाच्या तिकिटाआधी रांगेत नाव नोंदवता येतं का, ते बघावं. या देशात घर शोधताना ओळखीपाळखीपेक्षा नोंदणीची तारीख अधिक कामाला येते.