इंजिनाचा ताप

नाशिक-छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड-अहिल्यानगर हे दोन रहदारीचे रस्ते येवल्यात एकमेकांस छेदतात. पैठणीच्या या गावी उन्हाळ्यातही मोटारींची वर्दळ थांबत नाही. अशा दिवसांत एखादी मोटार वाटेतच अडते, काट्याची सुई तांबड्या खुणेकडे झुकते आणि पुढच्या झाकणाखालून वाफ निघू लागते. “गाडी तापली,” असे लोक म्हणतात. परंतु ताप हा स्वतः रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. चांगला वैद्य जसा तापाचे मूळ शोधतो, तसाच चांगला मिस्त्रीही शोधतो.

सिलिंडरात पेट्रोल जळते तेव्हा आतील वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते! तरीही त्या धातूचे इंजिन शाबूत राहते, कारण सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून कूलंट सतत खेळत असते. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण. पंप ते फिरवतो. इंजिनाची उष्णता घेऊन ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते, तेथे वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. ती सुमारे ८० ते ९० अंशांना उघडू लागते. घट्ट झाकणामुळे हा द्रव दाबाखाली राहतो, म्हणून प्रेशर कुकरातील पाण्याप्रमाणे तो १०० अंशांना उकळत नाही.

आता निदान कसे करतात ते पाहा. इंजिन पूर्ण निवल्यावर प्रथम टाकीतील कूलंटची पातळी पाहतात. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. पातळी ठीक असूनही इंजिन तापत असेल, तर द्रव नीट फिरत नाही किंवा नीट निवत नाही, हे उघड आहे. उभी असता तापणारी आणि धावू लागताच निवणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते. कारण धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उलट, भरधाव जाताना किंवा चढावर ती तापली, तर रेडिएटर चोंदला असण्याचा संभव असतो.

पातळी घटली असेल, तर गळती शोधावी लागते. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. सकाळी त्यावर हिरवट किंवा गुलाबी, बुळबुळीत डाग दिसला, तर ते कूलंट समजावे. वातानुकूलन यंत्रातून गळणारे पाणी रंगहीन असते; त्याची काळजी नको. डाग कोठे पडला, त्यावरून रेडिएटर, रबरी नळी की पंप, याचा अंदाज येतो. ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. म्हणून हा द्रव मुलांच्या किंवा जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

डाग सापडला नाही, तर मिस्त्री थंड रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून आत दाब भरतो. दाबाचा काटा हळूहळू उतरला, की कोठेतरी छिद्र आहे हे निश्चित होते. बाहेर थेंबही न दिसता पातळी घटत असेल, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतच राहिला असेल किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय येतो. अशी गाडी चालवू नये.

एक गोष्ट मात्र कोणीही विसरू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकण उघडताच आतील दाब नाहीसा होतो, शंभर अंशांहून तप्त द्रव तत्क्षणी उकळून उसळतो आणि हात व चेहरा भाजून काढतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचे भय असते. गाडी बंद करून ती निवेपर्यंत धीर धरावा. वरचेवर पाणी भरून वेळ निभावते, पण छिद्र बुजत नाही. कारण सापडले, म्हणजेच दोष दूर करता येतो.