गुडघेदुखी आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची निवड : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

रत्नागिरी जिल्ह्यातील उतारांवरची भातखाचरे लहान असल्याने ट्रॅक्टर वारंवार वळवावा लागतो. साध्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरबदलास डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो; त्याचा ताण गुडघ्यावर येतो. सिंक्रो शटलमुळे पुढे-मागे जाणे सुलभ होते, परंतु क्लच सुटत नाही. पॉवर शटलमध्ये दिशाबदल क्लच न दाबता, हाताच्या दांड्याने होतो. हायड्रोस्टॅटिक पद्धतीत वेगही क्लचविना बदलतो. मात्र किंमत व इंधनखर्च वाढतो. पॉवर टिलरचा क्लच हाताचा असतो. तथापि ६० सेंमी रुंदीने एक हेक्टर मशागत करताना त्यामागे सुमारे १७ किमी चालावे लागते, तेही चिखलणीत चिखलातून. म्हणून अश्वशक्तीपूर्वी दुखरा गुडघा कोणता आणि यंत्र त्याच्याकडून कोणते श्रम घेते, हे तपासणे इष्ट ठरते.